आत्यांना कुणी विचारलं का?

प्रश्न : माझी आत्या ८३ वर्षांची आहे. तिने लग्न केलं नाही. शाळेत शिक्षिका होती, चार वर्षांपूर्वी स्वतःहून वृद्धाश्रमात राहायला गेली. मी जुईनगरला सेक्टर २४ मध्ये राहतो, तिचा आश्रम आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिचं हृदय अशक्त झालंय. गेल्या वर्षभरात दोनदा रुग्णालयात न्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला आयसीयूत सहा दिवस काढून आल्यावर ती मला म्हणाली, ‘पुन्हा मला तिथे नेऊ नकोस. नळ्या नकोत, ते मशीन नको. इथे माझ्या खाटेवर जे व्हायचं ते होऊ दे.’ मी हे आश्रमाच्या व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘तब्येत बिघडली की आम्ही ॲम्ब्युलन्स बोलावतो. पुढचं नातेवाइकांनी ठरवायचं, दाखल करताना तुम्ही तशी सही केली आहे.’ सही मी केलीच आहे. नाशिकचा चुलतभाऊ म्हणतो, ‘काहीही कमी पडू द्यायचं नाही, पैशाचं मी बघतो.’ आता ठरवायचं कुणी? मी, भाऊ, आश्रम की डॉक्टर? आणि आत्याचं ऐकलं तर तो गुन्हा होईल का?
— एक वाचक, जुईनगर

उत्तर : तुमच्या प्रश्नात चार नावं आहेत. पाचवं राहून गेलंय आणि उत्तर तेच आहे. आत्या शुद्धीत आहेत, त्यांना समजतं, त्या सहा दिवसांचा अनुभव गाठीशी घेऊन बोलतायत. ठरवायचं त्यांनी. बाकी चौघांचं काम एवढंच की तो निर्णय नीट समजून घ्यायचा आणि वेळ येईल तेव्हा तो पाळला जाईल अशी तजवीज आजच करून ठेवायची.

आधी तुमच्या सहीबद्दल, कारण ती तुम्हाला टोचतेय असं पत्रावरून दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात एक गोष्ट स्वच्छ करून ठेवली. एका अविवाहित, प्रौढ महिलेला तपासणीसाठी भूल दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय काढून टाकलं. न्यायालयाने सांगितलं की रुग्ण प्रौढ आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे, जीव लगेच जाईल असा धोका नाही, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती ही तिची संमती होत नाही. जिथे सख्ख्या आईची सही चालली नाही, तिथे आश्रमाच्या अर्जावरची भाच्याची सही कशी चालेल? तुम्ही सही केलीत ती महिन्याचे पैसे भरण्याची, निरोप आला की धावून येण्याची. आत्यांच्या शरीरावरचा हक्क तुमच्याकडे नव्हताच, त्यामुळे तो सहीने कुणाला देताही आला नसता.

मात्र त्याच निकालात एक अपवाद आहे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि जीव वाचवण्याची तातडी असेल, तर डॉक्टर संमतीवाचून उपचार करू शकतात. हा अपवाद योग्यच आहे. रस्त्यावर अपघात झालेला माणूस त्यामुळेच वाचतो. पण आत्यांच्या बाबतीत नेमकी इथेच गाठ पडणार आहे. रात्री दोनला त्यांना धाप लागेल, त्या ग्लानीत जातील, रात्रपाळीची मावशी घाबरून १०८ ला फोन करेल, आणि कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर त्याला शिकवलंय तेच करेल. त्याने घशात नळी घातली तर त्याचा दोष नाही. ‘नको’ हा शब्द त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसेल.

इथे एक शब्द सोडवून घेऊ. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की खाली औषधाचं दुकान आणि वर दहा-पंधरा खाटा असलेलं खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. त्याची नोंदणी १९४९ च्या कायद्याने होते, आणि २०२१ मध्ये राज्याने सुधारलेल्या नियमांमुळे तिथे रुग्णहक्कांची सनद लावावी लागते. परदेशात नर्सिंग होम म्हणतात ते मात्र म्हाताऱ्या, परावलंबी माणसांचं कायमचं राहण्याचं ठिकाण. तुमच्या आत्या राहतात ते या दुसऱ्या जातीचं. ते त्यांचं घर आहे. तिथे त्यांची खाट आहे, कपाट आहे, खिडकी आहे. घरात राहणाऱ्या माणसाचं मत घरमालक ठरवत नाही, तसंच हे.

तरीही व्यवस्थापकांवर रागावू नका. त्यांच्या नियमामागे भीती आहे आणि ती खोटी नाही. उद्या नाशिकचे भाऊ येऊन ‘आमच्या आत्याला उपचाराविना मरू दिलं’ म्हणाले, पोलिसांत गेले, तर आश्रमाच्या हातात काय आहे? आत्या तुमच्याशी जे बोलल्या ते हवेत आहे. ते कागदावर आलं तर आश्रमालाही आधार मिळतो. मी आश्रमांचे बरेच प्रवेश अर्ज वाचले आहेत. चहात साखर किती, उपवास कोणते, आंघोळीला कढत पाणी लागतं का, असं सगळं प्रेमाने विचारलेलं असतं. शेवटच्या आजारात तुम्हाला काय हवं, हा रकाना मला अजून एकाही अर्जात सापडलेला नाही.

न विचारण्याची किंमत काय होते, ते महाराष्ट्राने परळच्या केईएम रुग्णालयात पाहिलं आहे. अरुणा शानबाग तिथे परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अत्याचार केला, गळा आवळला, मेंदूला रक्त पोचलं नाही. तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. पुढची ४२ वर्षं त्या केईएमच्या खाटेवर होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की त्यांना जबरदस्तीने भरवणं थांबवावं. परिचारिकांनी विरोध केला. पिढ्या बदलल्या तरी तिथल्या परिचारिकांनी त्यांना पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नाही, तिची रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, आणि त्यांना ती जगायला हवी आहे. अर्ज फेटाळला गेला. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाटही पहिल्यांदा उघडली. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने अरुणा गेल्या. अंत्यसंस्कारही केईएमच्याच लोकांनी केले.

त्या परिचारिकांबद्दल मला अपार आदर आहे. विराणींबद्दलही आहे. दोन्ही बाजूंना अरुणाचं भलंच हवं होतं. पण त्या सगळ्या वादात एक आवाज कुठेच नव्हता आणि असणं शक्यही नव्हतं, तो अरुणाचा. पंचविशीतली मुलगी असं काही लिहून कशाला ठेवेल? तुमच्या आत्या ८३ वर्षांच्या आहेत आणि बोलू शकतात. अरुणाच्या वाट्याला जी संधी आलीच नाही, ती त्यांच्याकडे आज आहे. म्हणून मी इतकं आग्रहाने लिहितोय.

आता कायदा. ९ मार्च २०१८ ला ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरण येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, शुद्धीत असलेला, समजणारा प्रौढ माणूस उपचार नाकारू शकतो, आणि पुढे बोलता येणार नाही अशा वेळेसाठी तो आधी लिहूनही ठेवू शकतो. या लेखाला इंग्रजीतून आलेलं नाव लिव्हिंग विल, मराठीत वैद्यकीय इच्छापत्र. तेव्हा आत्यांचं ऐकणं हा गुन्हा नाही.

वर्तमानपत्रांनी त्या दिवशी ‘इच्छामरणाला परवानगी’ असे मथळे दिले आणि मोठा घोळ करून ठेवला. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. आत्या तसं काहीच मागत नाहीत. आजार आपल्या वाटेने जाईल, त्याच्या आड यंत्र आणू नका, एवढंच त्या म्हणतात. मराठी माणसाला हे कळायला खरं तर जड जाऊ नये. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबांनी आजारपणात अन्न, पाणी आणि औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. त्यांच्या नाकात कुणी जबरदस्तीने नळी घातली नाही. आत्या अन्नपाणी सोडत नाहीत, त्यांची मागणी त्याहून कितीतरी साधी आहे. विनोबांचा शब्द राखणाऱ्या समाजाने एका निवृत्त शिक्षिकेचाही राखावा.

२०१८ ची पद्धत फारच किचकट होती. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागे, वैद्यकीय मंडळात वीस-वीस वर्षं अनुभवाचे डॉक्टर लागत. त्यामुळे हक्क मिळाला आणि कपाटात बंद झाला. २४ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेच ती सोपी केली. आता आत्यांनी लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. शेजारच्या खोलीतल्या आजी, जुन्या शाळेतल्या सहकारी बाई चालतील. कोणत्या परिस्थितीत काय नको, हे स्पष्ट लिहायचं. ‘मला त्रास देऊ नका’ एवढं पुरत नाही. ‘बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर नको, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणं नको, नाकातून नळीने भरवणं नको’ असं नाव घेऊन लिहावं लागतं. आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने कुणाशी बोलायचं त्यांची नावं द्यायची. एकाहून अधिक देता येतात. मत बदललं तर आत्या केव्हाही ते लेखी रद्द करू शकतात किंवा नवं लिहू शकतात, शेवटचं लिहिलेलं ग्राह्य. संपत्तीच्या मृत्युपत्राशी याचा काही संबंध नाही, आणि बँकेतला नॉमिनी म्हणजे आपल्या वतीने बोलणारा माणूस नव्हे. या दोन गैरसमजांपायी घरोघरी भांडणं होतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, त्याला कस्टोडियन म्हणतात. न्यायालयाने सांगूनही हे अधिकारी बराच काळ नेमलेच गेले नव्हते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे राज्यात स्थानिक संस्थांमधल्या नेमणुकांना गती आली. तुम्ही नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहात. सीबीडी बेलापूरच्या मुख्यालयात आरोग्य विभागाकडे जाऊन ‘वैद्यकीय इच्छापत्राचे कस्टोडियन कोण’ असं विचारा आणि प्रत दिल्याची पोच घ्या. खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नसेल तर चिडू नका, लेखी अर्ज द्या. गोव्यात ३१ मे २०२४ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. पदावर असलेल्या न्यायमूर्तींनी ते केलं म्हटल्यावर ‘हे काहीतरी वाकडं आहे’ असं म्हणणाऱ्याला उत्तर मिळालं. नाशिकला फोन कराल तेव्हा हे जरूर सांगा.

पुढे खरोखर वेळ आली आणि आत्यांना बोलता येत नसलं, तर उपचार करणारे डॉक्टर आधी इच्छापत्र खरं असल्याची खात्री करतात. मग रुग्णालयाचं प्राथमिक मंडळ बसतं, त्यात ते स्वतः आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यानंतर दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. दोघांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यायचं. दोन्ही मंडळं सहमत झाली आणि आत्यांनी नाव दिलेल्यांनी होकार दिला की, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचं दार आहे. इच्छापत्र नसलं तरी मंडळांची हीच वाट आहे, फक्त तिथे नातेवाइकांच्या संमतीवर सगळं येतं आणि नाशिक-जुईनगर भांडण खाटेशेजारी होतं.

हे सगळं दिवसांच्या हिशेबाने चालतं, आणि आत्यांचा त्रास मिनिटांचा असेल. म्हणून इच्छापत्राइतकंच महत्त्वाचं आहे ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी आता, त्या बऱ्या असताना, बोलणं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये हृदय बंद पडल्यावर पुनरुज्जीवनाचा प्रयत्न न करण्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांनुसार डॉक्टर रुग्णाशी बोलून तसं लिहून ठेवू शकतात. त्याचा अर्थ बाकीचे उपचार बंद असा होत नाही, हे त्याच सूचनांत स्पष्ट आहे. डॉक्टरांची ही नोंद, इच्छापत्राची प्रत आणि तुमचा नंबर आश्रमातल्या आत्यांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. रात्रपाळीच्या मावशींना ती फाइल स्वतः दाखवा. कायदा कितीही चांगला असला तरी रात्री दोनला तो त्यांच्याच हातात असतो.

आणि ‘नळी नको’ म्हणजे ‘काहीच नको’ असं कुणी समजणार नाही, याची काळजी तुम्हीच घ्यायची. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. आपल्याकडे एक जुनी वाट आहे. आशा संपली की नातेवाईक ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करतात आणि माणसाला घरी आणतात. घरी येतो तो माणूस, वेदनाशामक येत नाही. शेवटचे दोन दिवस तो तळमळत काढतो आणि घरातले ते दृश्य जन्मभर विसरत नाहीत. हृदय थकलेल्या माणसाची धाप कमी करता येते. पाणी उतरवणारी औषधं, गरजेप्रमाणे ऑक्सिजन, उशा लावून बसवणं, आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या लहान मात्रेत मॉर्फिन. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. म्हणजे ही कल्पना मुंबईला नवी नाही. मॉर्फिनवरचे कडक निर्बंध २०१४ च्या कायदादुरुस्तीने सैल झाले, तरी लिहून द्यायला डॉक्टर बिचकतात. आत्यांच्या डॉक्टरांना सरळ विचारा, ‘शेवटी धाप लागली तर इथे, या खाटेवर, तुम्ही काय देऊ शकाल?’ ते गप्प बसले, तर हे काम करणारा दुसरा डॉक्टर शोधायला आजपासून लागा.

राहिले भाऊ. ‘काहीही कमी पडू द्यायचं नाही’ म्हणणारा माणूस वाईट नसतो. लांब राहणाऱ्याला पैशाशिवाय दुसरं काही देता येत नाही, याचं दुःख त्या वाक्यात असतं. त्यांच्याशी तुम्ही वाद घालू नका. आत्यांनाच बोलू द्या. फोन स्पीकरवर ठेवा आणि तुम्ही खोलीबाहेर जा. शिक्षिकेने वर्गाला समजावण्यात आयुष्य घालवलंय, एका भाच्याला त्या नक्की समजावतील.

प्रश्न : वरच्यासारखीच स्थिती, पण माझ्या सासूबाईंना विस्मरण सुरू झालं आहे. त्यांचं मत आता धरायचं का?
— एक वाचक, सानपाडा

उत्तर : धरायचं, आणि घाई करायची. विस्मरणाचं निदान झालं म्हणजे त्या क्षणापासून माणसाचं मत रद्द होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली कसोटी इथे उपयोगी पडते. सांगितलेली माहिती कळते का, तिचे परिणाम उमजतात का, आणि निर्णय सांगता येतो का? बोलून, खुणेने, कसाही. त्यांचा निर्णय तुम्हाला पटत नाही, एवढ्यावरून त्यांना समजत नाही असं म्हणता येणार नाही, हेही त्या कायद्यात आहे. सकाळची वेळ बऱ्याच जणांची चांगली असते. तेव्हा विचारा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी विचारा. उत्तर तेच येत असेल तर डॉक्टरांकडून ‘त्यांना समजतं’ अशी लेखी नोंद घेऊन मगच नोटरीकडे जा. उशीर झाला असेल, तर त्या पूर्वी काय म्हणत होत्या ते आठवून लिहा. शेजारीण वारली तेव्हा त्या काय म्हणाल्या? सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना काय सहन झालं नव्हतं? तुमची इच्छा त्यात मिसळू देऊ नका.

जुईनगरच्या वाचकांना शेवटचं एक. या रविवारी आश्रमात जाल तेव्हा फळं टेबलावर ठेवून लगेच उठू नका. खुर्ची ओढून आत्यांच्या उजेडाच्या बाजूला बसा, वही द्या आणि त्यांना स्वतःच्या अक्षरात लिहू द्या. हात कापत असेल तर तुम्ही लिहा, पण शब्द त्यांचेच ठेवा. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यांनी एखादा शब्द बदलायला सांगितला तर बदला.